नसलेल्या पेशींचा इतिहास

१९५२ साली वैद्यकाच्या दोन नियतकालिकांत दोन निबंध छापून आले. एक वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या कर्नल ऑग्डेन ब्रूटन या बालरोगतज्ज्ञाचा, दुसरा मुंबईत परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांचा. ब्रूटनच्या निबंधातल्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन हा प्रथिनांचा भाग सापडत नव्हता. भेंड्यांच्या निबंधातल्या माणसांच्या तांबड्या पेशींवर एच नावाचा प्रतिजन नव्हता, त्यामुळे त्यांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नव्हतं. या रक्तगटाला पुढे जगभर ‘बॉम्बे’ हेच नाव पडलं. दोन्ही शोध काहीतरी नसण्याचे होते, आणि चाळीस वर्षांनी बॉम्बे गटाची गाठ प्रतिकारशक्तीच्या आजारांशी पडायची होती. तेव्हा त्याची कल्पना कुणालाही असणं शक्य नव्हतं. पाठ्यपुस्तकं वाचली की वाटतं, प्रतिकारशक्तीच्या पेशी आधी प्रयोगशाळेत ओळखल्या गेल्या आणि मग त्या ज्ञानाच्या उजेडात आनुवंशिक आजारांचा अर्थ लागला. घडलेला क्रम बघितला तर तो बराचसा उलटा निघतो. कुठली पेशी माणसाच्या शरीरात नेमकं काय करते, हे ती पेशी किंवा तिचं एखादं अवजार जन्मतःच नसलेलं मूल डॉक्टरांसमोर येईपर्यंत पक्कं ठरलं नाही, असं माझं म्हणणं आहे.

त्याआधी पेशींविषयी काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना इथे एली मेचनिकॉफनं समुद्रताऱ्याच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या त्याला दिसल्या आणि भक्षकपेशींची कल्पना तिथे जन्मली. १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं की धनुर्वाताच्या विषाला निकामी करणारं काहीतरी रक्तद्रवात असतं. पेशी खरी की रक्तद्रव खरा, हा वाद पुढे बरीच वर्षं चालला. १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिख या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना विभागून दिलं गेलं, पण वाद त्यानं मिटला नाही.  या सगळ्यात एका पेशीकडे मात्र फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं. रक्तात आणि गाठींत ढिगानं सापडणारी, मोठ्या गोल केंद्रकाची लिम्फोसाइट ही पेशी काय करते, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सांगता येत नव्हतं. जिथे त्या सर्वांत दाट असतात त्या छातीतल्या थायमस ग्रंथीला तर पेशींची स्मशानभूमी मानणारेही होते.

ब्रूटनच्या मुलाला चार वर्षांत १९ वेळा रक्तात जंतुसंसर्ग झाला होता, बहुतेक वेळा न्यूमोकोकसचा. दर वेळी पेनिसिलिननं तो वाचला. इथे थोडं थांबायला हवं, कारण हा आजार १९५२ मध्ये नव्यानं उपजला नव्हता. असे मुलगे त्याआधीही जन्मत होते आणि पहिल्या किंवा दुसऱ्या न्यूमोनियात दगावत होते. एका न्यूमोनियानं गेलेलं मूल हजारो मुलांपैकी एक असतं, त्यात कुणाला वेगळं काही दिसत नाही. एकोणिसाव्यांदा आजारी पडायला आधी अठरा वेळा वाचावं लागतं, आणि ते पेनिसिलिन आल्यावरच शक्य झालं. औषधानं रोग बरा केला नाही, रोग दिसण्याइतकं आयुष्य दिलं. दुसरी मदत झाली ती विजेच्या प्रवाहात रक्तातली प्रथिनं वेगळी करणाऱ्या यंत्राची. टिसेलियस आणि कॅबट यांनी १९३९ सालीच दाखवून दिलं होतं की प्रतिपिंडं प्रामुख्यानं गॅमा ग्लोब्युलिनच्या भागात असतात. या मुलाच्या रक्ताच्या आलेखात त्या जागी उंचवटाच आला नाही. ब्रूटननं दुसऱ्यांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन दर महिन्याला त्याच्या त्वचेखाली टोचायला सुरुवात केली आणि संसर्गांची रांग थांबली. हाच उपचार थोड्याफार फरकानं आजही चालतो.

पण या मुलानं आणि त्याच्यासारख्या पुढे सापडलेल्या मुलांनी एक कोडं घातलं. त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट मोजल्या तर त्या जवळपास नेहमीइतक्याच भरत. गोवर, कांजिण्या यांसारख्या विषाणूंच्या आजारांतून ती इतर मुलांप्रमाणे बरी होत. घसा तपासला तर टॉन्सिल जवळजवळ नसत. प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशीही त्यांच्यात सापडत नसत. दुसरीकडे १९५० साली स्वित्झर्लंडमध्ये ग्लान्झमान आणि रिनिकर यांनी अगदी निराळी बाळं नोंदवली होती. त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट जवळजवळ नव्हत्याच, तोंडात बुरशी, जुलाब सुरू, आणि वर्ष-दोन वर्षांच्या आतच मृत्यू. लिम्फोसाइट ही एकाच जातीची पेशी असती तर ही दोन चित्रं एकत्र नांदली नसती. एका मुलात पेशी आहेत पण प्रतिपिंडं नाहीत, दुसऱ्यात पेशीच नाहीत आणि विषाणू, बुरशी सगळंच जिवावर उठतं. म्हणजे प्रतिकाराचे दोन निराळे हात आहेत आणि एकाच्या गैरहजेरीत दुसरा चालू राहू शकतो. हा निष्कर्ष रुग्णांच्या खाटांवर आधीच मांडून ठेवलेला होता.

यावरचा सर्वांत मोठा आक्षेप मला मान्य करून उत्तर द्यावं लागेल, कारण तो खरा आहे. या दोन हातांच्या पेशींचा, म्हणजे थायमसमध्ये घडणाऱ्या टी आणि प्रतिपिंडांकडे नेणाऱ्या बी पेशींचा, भेद कोंबड्या आणि उंदरांनी सिद्ध केला, माणसांनी नाही. १९५० च्या दशकात ओहायोत ब्रूस ग्लिक यानं कोंबडीच्या शेपटीकडच्या टोकाशी असलेली फॅब्रिशियसची पिशवी, म्हणजे बर्सा, पिलांमधून काढून टाकली होती. तिमथी चँग या सहकाऱ्यानं वर्गात प्रतिपिंडं कशी तयार होतात हे दाखवायला नेमक्या त्याच कोंबड्या मागून नेल्या आणि त्यांत प्रतिपिंडं तयारच झाली नाहीत. १९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर यानं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढला. त्यांच्या लिम्फोसाइट घटल्या, परक्या उंदराची कातडी लावली तरी ती झिडकारली जाईना. दोन्ही शोध अस्सल. पण त्यांचं पुढे काय झालं ते बघा. ग्लिकचा निबंध मोठ्या नियतकालिकानं परत पाठवला. तो १९५६ साली कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात आला आणि वैद्यकाच्या जगानं तो बरीच वर्षं वाचलाच नाही. मिलरचा निष्कर्ष उंदराच्या एका विशिष्ट जातीपुरता असेल अशी शंका घेतली गेली. या दोन धाग्यांची गाठ १९६५ साली मिनेसोटात मारली गेली. मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड हे बालरोगतज्ज्ञ तिथे प्रतिकारशक्तीची उणीव असलेली मुलं रोज तपासत होते. कूपरनं पिलांचा बर्सा किंवा थायमस काढून, आधी तयार झालेल्या पेशी किरणांनी मारून टाकल्या. बर्सा नसलेल्या कोंबड्यांत लिम्फोसाइट भरपूर पण प्रतिपिंडं नाहीत, थायमस नसलेल्यांत लिम्फोसाइटच मोजक्या. पहिल्या कोंबडीत त्याला ब्रूटनचा मुलगा दिसला. दुसरीचं मानवी रूपही लगेच मिळालं. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या अँजेलो डीजॉर्ज यांनी थायमस नसलेल्या बाळांची माहिती पुढे आणली. रक्तातलं कॅल्शियम उतरून त्यांना झटके येत आणि प्रतिकारशक्ती दुबळी असे. कोंबडीचा प्रयोग महत्त्वाचा होताच. त्याचा माणसासाठी अर्थ काय, हे मात्र ज्यांच्या वॉर्डात ती मुलं होती त्यांनाच ओळखू आलं.

शिवाय प्राण्यावर फार विसंबलं तर चूकही होते, आणि ती दुरुस्त करायला पुन्हा मूलच लागलं. ब्रूटनच्या आजाराचं जनुक १९९३ मध्ये सापडलं, त्याला बीटीके म्हणतात. हेच जनुक बिघडलेला उंदीर आधीपासून प्रयोगशाळांत होता, पण त्याच्यात बी पेशी बऱ्यापैकी असतात. मुलांमध्ये त्या जवळजवळ नसतात. त्याच वर्षी मुलग्यांना होणाऱ्या सर्वांत घातक उणिवेचं, एक्स गुणसूत्रावरच्या एससीआयडीचं, म्हणजे प्रतिकाराचे दोन्ही हात एकदम निकामी होण्याचं, जनुक मिळालं. ते इंटरल्युकिन-२ या संदेशद्रव्याच्या ग्राहीचा एक भाग बनवतं. आता इंटरल्युकिन-२ नसलेल्या उंदरांत टी पेशी तयार होत होत्या, आणि या बाळांत तर टी पेशीच नव्हत्या. याचा एकच अर्थ लागत होता, की हा तुकडा आणखी कुठल्या तरी संदेशद्रव्यांच्या ग्राहींमध्येही बसवलेला आहे. शोधल्यावर तसंच निघालं. इंटरल्युकिन-७ ची ग्राही नसलेल्या उंदरात टी आणि बी दोन्ही पेशी घटतात. १९९८ मध्ये तीच ग्राही नसलेली मुलं सापडली तेव्हा त्यांच्यात बी पेशी शाबूत होत्या. उंदराची बी पेशी ज्या संदेशावर वाढते, त्याच्यावाचून माणसाची वाढू शकते. हे कुठल्याही उंदरानं कधी सांगितलं नसतं.

भक्षकपेशींची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. पेशी जंतू गिळते तेव्हा ती एकदम पुष्कळ प्राणवायू ओढते, हे ठाऊक होतं. गिळण्याच्या श्रमासाठी लागणारी ही ऊर्जा असावी असं तेव्हा वाटत होतं, आणि वरवर पाहता ते पटण्यासारखंच होतं. १९५७ साली मिनेसोटात गुड यांच्या गटानं काही लहान मुलग्यांचा एक आजार नोंदवला. गाठींत आणि यकृतात वारंवार गळवं होत, मूल दगावे. प्रतिपिंडं भरपूर, पांढऱ्या पेशी भरपूर, मग कमतरता तरी कशाची? दहा वर्षांनी उत्तर मिळालं. या मुलांच्या पेशी जंतू व्यवस्थित गिळत होत्या, पण गिळलेला जंतू पोटात जिवंत राहत होता. आणि गिळताना त्या जादा प्राणवायू ओढत नव्हत्या. प्राणवायूवाचून गिळणं चालतं, मारणं चालत नाही. म्हणजे तो प्राणवायू गिळण्यासाठी नव्हताच, जंतूला मारणारं विष बनवण्यासाठी होता. सुदृढ माणसाच्या पेशीत गिळणं आणि मारणं इतकं लागून होतं की ही दोन कामं वेगळी आहेत हे दिसणं सोपं नव्हतं.

या आजाराची जुनी तपासणी अगदी साधी होती. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबातल्या पेशींवर एनबीटी नावाचा पिवळा रंग घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. निरोगी पेशी प्राणवायूचं विष बनवते, त्यानं पिवळा रंग बदलून पेशीत निळे-काळे कण साचतात. आजारी मुलाच्या काचपट्टीवर एकही पेशी निळी होत नाही. पण दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असेल, तर खरं नवल त्याच्या आईच्या काचपट्टीवर दिसतं. एकाच थेंबात काही पेशी गर्द निळ्या, काही कोऱ्या. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र मिटलेलं असतं, कुठल्या पेशीत कुठलं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. म्हणून आईच्या रक्तात दोन्ही जातींच्या पेशी शेजारी-शेजारी वावरतात आणि निळ्या पेशी पुरेशा असल्यानं ती सहसा गंभीर आजारी पडत नाही. मूल गेलं की आईच्या पायगुणाला दोष देणाऱ्या समाजात ही काचपट्टी मला फार मोलाची वाटते. तिच्यावर जे दिसतं ते कुणाच्या वागण्याचं फळ नाही.

परळच्या बॉम्बे गटाची गाठ पडते ती पूच्या प्रश्नाशी. बाळाची नाळ साधारण आठवडा-दोन आठवड्यांत वाळून पडते. नाळ पडण्यासाठीसुद्धा पांढऱ्या पेशींना त्या जागी पोहोचावं लागतं, हे १९८० च्या सुमारास नीट कळलं. काही बाळांची नाळ तीन आठवडे उलटले तरी पडत नसे, बेंबी लाल होई, आणि पुढे जखमा चिघळत पण त्यांत पू धरत नसे. रक्तात पांढऱ्या पेशी मात्र नेहमीच्या कितीतरी पट. पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडू शकत नव्हत्या, कारण चिकटण्याचं प्रथिनच सदोष होतं. १९९२ मध्ये इस्राएलमधल्या हायफा इथे अमोस एट्झिओनी यांनी याच तऱ्हेची, पण जरा वेगळी दोन मुलं नोंदवली. त्यांची वाढही खुंटली होती, आणि दोघांचा रक्तगट बॉम्बे होता. दुवा निघाला फ्युकोज नावाच्या साखरेचा. तांबड्या पेशीवरच्या एच प्रतिजनाला फ्युकोज लागते, आणि पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीवर ज्या आकड्यांच्या आधारानं घरंगळत हळू होते, त्यांनाही फ्युकोज लागते. बॉम्बे गटाच्या सर्वसाधारण माणसात फक्त एच बनवणारं जनुक बिघडलेलं असतं, तो ठणठणीत असतो. या मुलांत मात्र पेशीच्या आत फ्युकोज वाहून नेण्याचीच सोय बिघडलेली होती, म्हणून सगळीच फ्युकोजची कामं अडली. पेशी आधी घरंगळते आणि मग चिकटते, या दोन पायऱ्या माणसात अशा वेगळ्या झाल्या. पहिल्या मुलांच्या पेशी घरंगळत पण चिकटत नसत, हायफातल्या मुलांच्या घरंगळतही नसत. युरोपात असाच दोष असलेल्या एका मुलाला तोंडावाटे फ्युकोज दिली तेव्हा त्याचे संसर्ग आवरले. भेंड्यांनी त्याच्या चाळीस वर्षं आधी रक्तपेढीच्या कामासाठी ओळखलेला गट या आजाराची खूण ठरला.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो जास्त टोचतो. रॉबर्ट गुड या आजारांना निसर्गाचे प्रयोग म्हणत. मरणाऱ्या मुलाला प्रयोग म्हणावं का? हा शब्द मलाही रुचत नाही. त्या मुलांनी काही शिकवायचं ठरवलं नव्हतं, आणि त्यांच्या आईबापांना तर फक्त मूल हवं होतं. पण या क्षेत्राच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी, की कळलेलं ज्ञान पुष्कळदा त्याच मुलांकडे परत आलं. लिम्फोसाइट अस्थिमज्जेतून येतात हे ध्यानात आल्यावर १९६८ मध्ये गुड यांनी एससीआयडी असलेल्या एका बाळाला बहिणीची मज्जा देऊन वाचवलं. जुळणाऱ्या दात्याच्या मज्जारोपणातल्या सुरुवातीच्या यशांपैकी हे एक होतं, आणि रक्ताच्या कर्करोगावरचं आजचं मज्जारोपण याच वाटेनं पुढे गेलं. हिशेबाची दुसरी बाजूही लपवता येत नाही. टेक्सासमधला एक मुलगा १९७१ पासून १२ वर्षं प्लास्टिकच्या निर्जंतुक कक्षात वाढला आणि १९८४ साली, मज्जारोपणानंतर काही महिन्यांत, मज्जेतून आलेल्या विषाणूमुळे वारला. २००० मध्ये पॅरिसला जनुकोपचारानं काही बाळांना टी पेशी मिळाल्या, पण त्यांतल्या काहींना पुढे ल्युकेमिया झाला. ज्ञान परत आलं, पण उशिरा आणि किंमत मोजून.

राहिला तो विरळपणाचा मुद्दा. अमेरिकेत सुमारे ३० लाख नवजात बाळांच्या चाचण्यांत एससीआयडीचं प्रमाण ५८,००० मध्ये एक असं निघालं. इतक्या थोड्यांसाठी एवढा खटाटोप का, असं विचारणाऱ्यानं औषधांच्या दुकानाकडे बघावं. बीटीके नसेल तर बी पेशी तयार होत नाहीत, हे ब्रूटनच्या मुलांनी दाखवलं. म्हणून बी पेशींच्या कर्करोगात बीटीके बंद पाडणारं इब्रुटिनिब बनलं आणि २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ज्याच्या बिघाडानंही एससीआयडी होतो त्या जॅक-३ च्या कुळातल्या प्रथिनांना रोखणारं टोफासिटिनिब २०१२ पासून संधिवाताच्या रुग्णांना मिळतं. मूठभर मुलांत जे जन्मतः बंद होतं, तेच लाखोंच्या शरीरात औषधानं तात्पुरतं बंद ठेवलं जातं.

आपल्याकडे हा विषय आणखी एका कारणानं घरापर्यंत येतो. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आहे. नात्यातल्या लग्नांत दोघांकडून एकच सदोष जनुक बाळाला मिळण्याची शक्यता वाढते, म्हणून यांतले काही आजार तिथे अधिक दिसू शकतात. एससीआयडी बाळात जन्मानंतर लगेच ओळखता येतो. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यात, थायमसमध्ये नवी टी पेशी घडताना सुटणारी डीएनएची छोटी वळी मोजतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं २००८ मध्ये ही चाचणी सुरू केली आणि २०१८ अखेर ती सगळ्या राज्यांत पोचली. साडेतीन महिन्यांच्या आत मज्जारोपण झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. भारतात सर्व बाळांसाठी अशी चाचणी नाही. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या आजारांचं निदान करते, पण मूल तिथे पोचायला आधी कुणाला तरी शंका यावी लागते.

आपल्याकडे जन्मल्यावर डाव्या दंडात बीसीजी टोचतात. तिच्यात जिवंत, कमजोर केलेले जंतू असतात. निरोगी बाळाला त्यांचा त्रास होत नाही, आणि क्षयाच्या देशात ही लस हवीच. पण टी पेशी नसलेल्या किंवा जंतू मारू न शकणाऱ्या बाळात तेच जंतू काखेतल्या गाठीतून अंगभर पसरू शकतात. म्हणून घरात आधीचं एखादं बाळ वर्षाच्या आत वारंवार न्यूमोनिया, जुलाब किंवा न भरणाऱ्या जखमांनी गेलं असेल, तर पुढच्या बाळाला बीसीजी आणि तोंडातून पोलिओचा डोस देण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं धरून चालू नका.